यजमान आणि आश्रित

मराठीत 'यजमान' या शब्दाचे तीन अर्थ अजून वापरात आहेत. पूजा किंवा यज्ञ ज्याच्या वतीने होतो तो यजमान. पाहुणा ज्याच्या घरी उतरतो तो यजमान. आणि एका विशिष्ट पिढीतल्या स्त्रिया परक्यांसमोर नवऱ्याचा उल्लेख करतात तोही 'आमचे यजमान' असाच. संगणकांच्या जाळ्याच्या परिभाषेत 'होस्ट' ही जी संज्ञा आहे तिला मराठी प्रतिशब्द द्यायचा झाला तर हाच शब्द हाताशी येतो. तिच्या जोडीला येणाऱ्या 'क्लायंट'साठी 'ग्राहक' म्हणण्याचा प्रघात आहे. पण मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ विकत घेणारा असा नव्हे. रोमन समाजात वजनदार माणसाच्या आश्रयाने राहणारा, त्याच्या दारी सकाळी हजेरी लावणारा, तो 'क्लिएन्स'. म्हणजे आश्रित. प्रतिशब्दांचा हा विचार मी परिभाषाकोश घेऊन केलेला नाही. २००४ साली आमच्या घरात दोन संगणकांमध्ये इंटरनेटची एक जोडणी वाटून घेताना जो बिघाड उद्भवला, त्याच्या पाठीमागे लागता लागता तो झाला. तो बिघाड तांत्रिक होता याविषयी शंका नाही. परंतु तो शोधण्याची रीत आणि साहित्याच्या अभ्यासकाची वाचनाची रीत यांत जे साम्य मला तेव्हा दिसले, त्याविषयी लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते.

आधी व्यवस्था समजून घेऊ. आज घरोघरी भिंतीवर राउटर नावाची एक पेटी असते आणि जोडणी वाटण्याचे काम ती मुकाट्याने करते. त्या काळी मध्यमवर्गीय घरात ती क्वचित दिसे. १९९९ साली आलेल्या विंडोज ९८च्या दुसऱ्या आवृत्तीत 'इंटरनेट कनेक्शन शेअरिंग' नावाची सोय होती. एका संगणकात दोन नेटवर्क कार्डे बसवायची. एका कार्डात बाहेरून आलेली वायर, दुसऱ्यातून आतल्या संगणकाकडे जाणारी वायर. पहिला संगणक चालू असेल आणि जोडला गेलेला असेल तोवरच दुसऱ्याला बाहेरचे जग दिसणार. कोथरूडच्या आमच्या घरी पहिला संगणक यजमानांच्या टेबलावर होता आणि दुसरा आतल्या खोलीत माझ्याकडे. यजमान हा शब्द मी इथे तिसऱ्या अर्थाने वापरते आहे, पण दुसऱ्या अर्थानेही तो तितकाच खरा होता. रात्री अकराला ते संगणक बंद करून झोपायला गेले की माझ्या खोलीतले जगही बंद होई. यात कुणाची अरेरावी नव्हती. व्यवस्थाच तशी होती.

या व्यवस्थेत पत्त्यांची गंमत मोठी आहे. आतल्या जाळ्यात यजमान संगणक स्वतःकडे १९२.१६८.०.१ हा पत्ता घेतो आणि आश्रितांना त्याच मालिकेतले पुढचे पत्ते वाटतो. हे पत्ते फेब्रुवारी १९९६मध्ये ठरलेल्या संकेतानुसार खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. जगभरातल्या असंख्य घरांत एकाच वेळी हाच पत्ता नांदत असतो आणि कुणाची कुणाशी गल्लत होत नाही, कारण तो घराबाहेर चालतच नाही. आमचे सासरे, ज्यांना घरात सगळे नाना म्हणत, टपाल खात्यातून निवृत्त झालेले होते. त्यांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मारुतीच्या देवळाशेजारी, असा पत्ता." याहून नेमकी व्याख्या मी पुढे कुठल्या पुस्तकात वाचली नाही. गावात मारुतीचे देऊळ एकच, म्हणून पत्ता पुरेसा. आणि गावोगावी मारुतीचे देऊळ, म्हणून गावाबाहेर तो पत्ता निरर्थक. एकाच नावाच्या अनेक गावांमुळे होणारा घोटाळा टाळण्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्याकडे पिनकोड आला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल व तार खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि त्याचबरोबर संस्कृत कवी. नानांना या गोष्टीचा फार अभिमान. पत्ता हीसुद्धा एक रचना आहे, असे ते म्हणत.

मग आतला संगणक बाहेर बोलतो कसा? यजमानाच्या नावाने. आतून निघालेल्या प्रत्येक पुडक्यावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता यजमान खोडतो आणि तिथे स्वतःचा पत्ता घालतो. कुणाचे पुडके होते याची नोंद आपल्या वहीत ठेवतो. उत्तर आले की नोंद पाहून ते आत पोहोचवतो. या क्रियेचे वर्णन १९९४ सालच्या एका तांत्रिक टिपणात आले आणि तिला नाव मिळाले 'नेटवर्क अ‍ॅड्रेस ट्रान्सलेशन', म्हणजे चक्क पत्त्याचे भाषांतर. साहित्याच्या वर्गात भाषांतराविषयी आपण जे काही बोलतो ते या शब्दाला कितपत लागू पडते हा प्रश्न सोडून देऊ. पण एक परिणाम लक्षात घेण्यासारखा आहे. बाहेरच्या जगाला आत किती जण आहेत हे दिसत नाही. त्याला एकच पत्ता दिसतो. शिवाय वहीत नोंद होते ती आतून कुणी आधी बोलले तरच. त्यामुळे एरवी बाहेरच्या कुणालाही आतल्या संगणकाला आपणहून हाक मारता येत नाही. आश्रिताने विचारावे आणि मग त्याला उत्तर मिळावे, एवढाच व्यवहार शक्य असतो.

मी त्या वेळी स्त्रियांच्या आत्मचरित्रांवर प्रबंध लिहीत होते आणि माझ्यासमोर रमाबाई रानडे यांचे १९१०चे पुस्तक होते: 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'. शीर्षकातला पहिलाच शब्द 'माझ्या' नाही, 'आमच्या' आहे. या 'आमच्या'त कोण किती आहे, बाहेरच्या वाचकाला दिसणाऱ्या एका पत्त्यामागे आतले कोण बोलते आहे, हाच माझ्या एका प्रकरणाचा विषय होता. लग्नानंतर पहिली काही वर्षे मला येणाऱ्या पत्रांवरही माझ्या नावाखाली 'द्वारा' लिहून यजमानांचे नाव असे. तेव्हा पत्त्याचे भाषांतर ही कल्पना मला फारशी परकी वाटली नाही.

आता बिघाड. टेलिफोनच्या मोडेमवर ही वाटणी आमच्याकडे सुरळीत चालत होती. २००४च्या पावसाळ्यात फोन सोडून गल्लीतल्या केबलवाल्याकडून नवी जोडणी घेतली. तिच्यासाठी यजमान संगणकावर एक छोटा प्रोग्रॅम चालवून नाव आणि पासवर्ड द्यावा लागे, आणि जोडणी कितीतरी वेगवान होती. यजमानांच्या संगणकावर सगळे काही लख्ख उघडत असे. माझ्याकडे मात्र विचित्र प्रकार सुरू झाला. काही संकेतस्थळे उघडत, काही उघडत नसत. उघडत नसत म्हणजे पान सापडत नाही असा निरोपही येत नसे. शीर्षक येई, खाली 'जोडणी झाली' असे शब्द दिसत, आणि पुढे पांढरे पान. माझ्या ईमेलचे प्रवेशाचे पान येई, पासवर्ड दिला की सगळे गोठे. माझ्या मार्गदर्शक बाई त्या वर्षी परदेशी विद्यापीठात होत्या आणि प्रकरणांची देवाणघेवाण ईमेलनेच चाले. प्रबंध सादर करण्याची मुदत डिसेंबरअखेर संपत होती. म्हणजे बाईंचे प्रत्येक पत्र वाचण्यासाठी मला बाहेरच्या टेबलाशी, यजमानांच्या सवडीने, बहुधा त्यांच्या देखत बसावे लागणार. पत्रात गुपित काहीच नसे. पण आपल्या लिखाणावरचे कठोर शेरे दुसऱ्याच्या खुर्चीत बसून वाचणे आणि आपल्या खोलीत वाचणे यांत फरक असतो, हे लिहिणाऱ्या कुणालाही सांगावे लागू नये.

"माझ्याकडे तर सगळं चालतंय. तुझ्या मशीनमध्येच काहीतरी आहे," असे यजमान म्हणत. केबलवाल्याचा माणूस दोनदा आला, यजमान संगणकासमोर बसला, चार पाने उघडून दाखवली आणि गेला. आतल्या खोलीत यायचे त्याला कारण नव्हते. त्याच्या दृष्टीने या घरात एकच संगणक होता. यजमानांचा अनुभव खोटा नव्हता, त्या माणसाची तपासणीही खोटी नव्हती. दोन्ही पुरावे म्हणून अपुरे होते, एवढेच. जोडणी यजमानाच्या जागेवरून तपासली गेली होती. आश्रिताच्या जागेवरून काय दिसते याची साक्ष कुणी घेतलीच नव्हती.

ती साक्ष मी घ्यायचे ठरवले. माझा भाचा तेव्हा अभियांत्रिकीला होता. वसतिगृहातून फोनवर तो मला पायऱ्या सांगे आणि मी कागदावर उत्तरे लिहून ठेवी. पहिली पायरी वायरची. मध्ये तिसरे यंत्र न ठेवता दोन संगणक थेट जोडायचे तर साधी वायर चालत नाही, उलटसुलट जोडलेली 'क्रॉसओव्हर' लागते. नाहीतर एकाचे तोंड दुसऱ्याच्या तोंडासमोर आणि कान कानासमोर येतात. आमची वायर योग्य होती, कार्डावरचे दिवे लागत होते. दुसरी पायरी पत्त्याची. आतल्या संगणकाचा पत्ता जर १६९.२५४ने सुरू होत असेल तर त्याचा अर्थ, त्याने पत्ता मागितला, कुणीच उत्तर दिले नाही, म्हणून त्याने स्वतःच एक धारण केला. माझा पत्ता १९२.१६८च्या घराण्यातला होता. म्हणजे यजमानाने मला ओळखले होते. तिसरी पायरी हाक मारून पाहण्याची. 'पिंग' हा प्रोग्रॅम डिसेंबर १९८३मध्ये माइक म्यूस यांनी लिहिला आणि पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिले. हाक मारायची, प्रतिध्वनी येतो का आणि किती वेळात येतो ते मोजायचे. यजमानाला हाक मारली, उत्तर आले. बाहेरच्या एका क्रमांकाला मारली, आले. क्रमांकाऐवजी नावाने मारली, तरी आले; म्हणजे नावाचा क्रमांक शोधून देणारी यंत्रणाही ठीक. कागदावर सगळ्या पायऱ्यांपुढे 'ठीक' असे लिहिलेले, आणि पान पांढरे.

इथे पुष्कळ जण थांबतात आणि संगणक पुसून सगळे नव्याने भरतात. साहित्याच्या अभ्यासातही असे प्रसंग येतात. कसोट्या सगळ्या लागतात आणि कविता बोलत नाही, मग कवितेतच दोष आहे असे आपण म्हणतो.

नाना तो कागद वाचत बसले होते. त्यांनी विचारले, "ह्या हाका केवढ्या असतात?" मला प्रश्न कळला नाही. "म्हणजे पोस्टकार्ड की पार्सल?" भाच्याला फोन केला. विंडोजची पिंग एरवी फक्त ३२ बाइटचा मजकूर पाठवते, तो म्हणाला, आणि क्षणभर थांबला. "मामी, आजोबांना सांग, बरोबर विचारलंत." आमच्या सगळ्या चाचण्या पोस्टकार्डाच्या होत्या. पोस्टकार्ड पोहोचते हे त्यांनी सिद्ध केले होते. पार्सलाविषयी त्या काहीच सांगत नव्हत्या.

मग मोठ्या हाका मारल्या. पुडक्याचे तुकडे करू नयेत अशी अट घालून मजकुराचा आकार वाढवत गेले. १४६४ बाइटपर्यंत उत्तर येत होते, १४६५ला नाही. या आकड्यात वरच्या मजकुराच्या वेष्टनाचे २८ बाइट मिळवले की १४९२ होतात. घरातल्या वायरीवरून एका वेळी १५०० बाइटचे पुडके जाऊ शकते. पण केबलवाल्याची नवी जोडणी नाव-पासवर्डासाठी ज्या पद्धतीने चाले, ती पद्धत प्रत्येक पुडक्यात स्वतःचे ८ बाइट घाली. म्हणून बाहेरच्या दाराची उंची १४९२. यजमान संगणक त्या दारातच उभा असल्यामुळे त्याला ती उंची माहीत होती. कुठल्याही संकेतस्थळाशी बोलणे सुरू करतानाच तो सांगून टाकी की यापेक्षा मोठे पाठवू नका. माझ्या संगणकाला फक्त आतली वायर माहीत होती. तो प्रामाणिकपणे १५००ची तयारी कळवत असे. पलीकडून १५००चे पुडके निघे आणि केबलवाल्याच्या टोकाशी अडे.

पण अडलेले पुडके गप्प का राहावे? नानांना हीच गोष्ट खटकली. टपालात वाटप न झालेले पत्र शेऱ्यानिशी परत जाते. पत्ता अपुरा, घेण्यास नकार, स्थलांतर. ज्याचा कुणी धनीच नाही त्यासाठीही पूर्वी 'डेड लेटर ऑफिस' होते, पुढे त्याचे नाव 'रिटर्न्ड लेटर ऑफिस' झाले. इंटरनेटच्या कर्त्यांनीही हा विचार केलेला होता. १९९०च्या एका मानकानुसार, पुडके मावत नसेल तर वाटेतल्या यंत्राने पाठवणाऱ्याला तसे कळवायचे आणि किती मावेल तेही सांगायचे. मात्र अनेक संकेतस्थळांचे राखणदार सुरक्षेच्या नावाखाली असे सगळेच निरोप दारातच अडवत. निरोप निघे, पोहोचत नसे. पाठवणारा तेच पुडके पुन्हा पुन्हा पाठवत राही. जी स्थळे निरोप घेत ती माझ्याकडे उघडत. जी घेत नसत ती उघडत नसत. अभियंत्यांनी या प्रकाराला 'कृष्णविवर' असे नाव दिलेले आहे. दोष माझ्या यंत्रात नव्हता, यजमानांच्या यंत्रात नव्हता. तो न पोहोचलेल्या एका निरोपात होता.

उपाय दोन मिनिटांचा निघाला. माझ्या संगणकाच्या नोंदणीत कमाल आकार १४९२ असा लिहिला, यंत्र पुन्हा सुरू केले, आणि बाईंची सात पत्रे एकदम दिसली. डिसेंबरात प्रबंध मुदतीत गेला. यजमानांनी मनापासून कौतुक केले. "म्हणजे तुझ्याच मशीनमध्ये बदल करावा लागला ना," असेही ते म्हणाले. वाक्य तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होते. वाटेतला निरोप गिळणारे राखणदार आपल्या जागी राहिले, केबलवाल्याची पद्धत तशीच राहिली, यजमान संगणकाला हातही लागला नाही. आणि आतल्या खोलीतला संगणक आठ बाइटने लहान झाला. मी ज्या लेखिका वाचत होते त्यांपैकी पुष्कळ जणींनी नेमके हेच केले होते. दार बदलता येत नाही म्हटल्यावर त्यांनी वाक्याचा आकार बदलला. त्यांच्या लिखाणातला संकोच आपण स्वभाव म्हणून वाचतो, विनय म्हणून वाचतो, क्वचित मर्यादा म्हणून गुण कापतो. तो दाराच्या उंचीचा अदमासही असू शकतो. प्रबंधातले ते प्रकरण मी नोव्हेंबरात या दृष्टीने पुन्हा लिहिले. त्यात संगणकाचा उल्लेख अर्थातच नाही.

विद्यार्थ्यांना मी या प्रसंगातून दोन गोष्टी सांगते. एक, कसोटी जेवढ्या आकाराची असते तेवढ्याच आकाराविषयी ती बोलते. सुटी कडवी, निवडक उतारे यांवर खरा उतरलेला सिद्धान्त कादंबरीला लागतो असे गृहीत धरू नये. दुसरी, मौनाचे अनेक प्रकार असतात. बोलायचे नाही म्हणून आलेले मौन, ऐकणारा नाही म्हणून आलेले मौन, आणि बोललेले वाटेतच गिळले गेल्यामुळे आलेले मौन, ही पानावर सारखीच पांढरी दिसतात. त्यांतला भेद करायचा तर संहितेच्या दोन्ही टोकांना जाऊन पाहावे लागते. केवळ यजमानाच्या टेबलावरून तो दिसत नाही.

पुढे तंत्रज्ञान बदलले, आणि ते ज्या दिशेने बदलले ती दिशाही बोलकी आहे. मार्च २००७च्या एका मानकाने पाठवणाऱ्यालाच असे शिकवले की निरोपाची वाट पाहू नये. मोठे पुडके हरवते आणि लहान पोहोचते असे दिसले तर त्या शांततेवरूनच दाराची उंची ओळखावी. घरातल्या राउटरांनी दुसरा मार्ग धरला. आतला संगणक बाहेर बोलू लागला की तो कळवत असलेला आकार राउटर दारातच दुरुस्त करतो आणि दाराला झेपेल तेवढाच पुढे सांगतो. आतल्याला काही बदलावे लागत नाही, बहुधा कळतही नाही. पत्त्यांचा तुटवडा मात्र खरा ठरला. जुन्या पद्धतीच्या सुमारे ४.२९ अब्ज पत्त्यांचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला. नव्या पद्धतीत पत्ते इतके आहेत की प्रत्येक यंत्राला स्वतःचा मिळू शकतो, 'द्वारा' न लिहिता.

यांतला राउटरचा मार्ग मला अधिक न्याय्य वाटतो. दाराची उंची ज्याला माहीत आहे, त्याने ती सांगण्याची जबाबदारी घ्यावी, ही अपेक्षा काही फार मोठी नाही. शिक्षक, संपादक, समीक्षक, मार्गदर्शक, आपण सगळेच कुणाच्या ना कुणाच्या दारात उभे असतो. आतून आलेले लिखाण बाहेर पोहोचले नाही तर लिहिणाऱ्याने स्वतःला आठ बाइटने कमी करावे, असे सुचवणे सोपे असते. त्याआधी 'माझ्याकडे तर सगळं चालतंय' हे वाक्य बाजूला ठेवून एकदा आतल्या खोलीत जाऊन बसावे, आणि तिथून काय दिसते ते विचारावे.